बातमी फुकट, बातमीदार महाग

मानखुर्द स्टेशनच्या पुलावर वारा देवनारकडून येत असला, की डम्पिंगवर आज काही जळतंय का हे कळायला पेपर उघडावा लागत नाही. धूर पुलापर्यंत पोहोचायच्या आधी त्याचा व्हिडिओ वस्तीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडलेला असतो. थोड्या वेळाने तोच व्हिडिओ आणखी चार ग्रुपवरून फिरून परत येतो. सोबत कोणाचा तरी संताप, कोणाची तरी अफवा आणि एखादा जुनाच फोटो.

पण साधे प्रश्न विचारून बघा. आग लागली की लावली? धुरात नेमकं काय आहे आणि ते मोजलं कोणी? कचरा उचलायचं कंत्राट कोणाकडे आहे, आणि काम मुदतीत झालं नाही तर दंड किती? या प्रश्नांची उत्तरं एकाही ग्रुपवर मिळत नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला मोठी आग लागली, तेव्हा तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. म्हणजे अवकाशातून दिसलेली गोष्ट होती. तरीही ‘का’ आणि ‘कोणामुळे’ याची उत्तरं शोधायला माणसांनाच पायपीट करावी लागली.

हातातल्या फोनवर इतकी माहिती असताना कामाची उत्तरं इतकी कमी का? याचं कारण पैशाच्या हिशेबात आहे. तो हिशेब पायरीपायरीने समजून घेऊ.

पहिल्या प्रतीचा खर्च

बातमीचे खर्च दोन. एक ती शोधून, तपासून, लिहून तयार करण्याचा, म्हणजे पहिल्या प्रतीचा. दुसरा ती वाचकापर्यंत पोहोचवण्याचा, म्हणजे पुढच्या प्रत्येक प्रतीचा. कागदाच्या जमान्यात दुसरा खर्चही बराच होता: कागद, शाई, गाडी, विक्रेत्याचं कमिशन. मोबाइलने तो जवळजवळ शून्यावर आणला. पहिल्या प्रतीचा खर्च मात्र जिथल्या तिथे राहिला. उलट थोडा वाढलाच.

एक उदाहरण जवळून पाहू. देवनारच्या डम्पिंगवरचा सुमारे १ कोटी ८५ लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये सुमारे २,३६८ कोटी रुपयांचं टेंडर काढलं. आकडा जाहीर झाला आणि लगेच ठिकठिकाणी छापून आला. ही झाली माहिती. ती फुकट मिळते.

आता यातून बातमी काढायची म्हटलं तर काय लागतं? आधी टेंडरची कागदपत्रं वाचायची. दर टनामागे किती पैसे, वजन कुठल्या काट्यावर आणि कोणासमोर होणार, वेगळा काढलेला कचरा जाणार कुठे, हे अटींच्या जंजाळातून शोधायचं. जे कागद सापडत नाहीत त्यांच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज. त्याची फी १० रुपये, पण उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर अर्धवट आलं तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. तिथेही नाही भागलं तर राज्य माहिती आयोग, आणि तिथे तारीख लागेपर्यंत महिने उलटतात. मधल्या काळात गाड्या खरंच किती भरून निघतात ते जागेवर उभं राहून बघायचं, कचरा वेचणाऱ्यांशी बोलायचं, अभियंत्याची बाजू घ्यायची. शेवटी वकिलाला दाखवायचं, कारण एक शब्द चुकला तर बदनामीचा फौजदारी खटला होऊ शकतो.

स्टॅम्पचे पैसे चहापाण्याइतकेच. खरा खर्च आहे तो या सगळ्या आठवड्यांत बातमीदाराच्या घरची चूल पेटती ठेवण्याचा. शिवाय असे दोन महिने घालवूनही हाती काही लागेल याची खात्री नाही. कधी सगळं नियमाप्रमाणेच निघतं आणि बातमी होत नाही. तो खर्चही कोणी तरी सोसावाच लागतो.

आता तर यंत्रं बातम्यांचा गोषवाराही फुकट करून देतात. पण गोषवारा काढायला मुळात बातमी कोणी तरी लिहिलेली असावी लागते, आणि वॉर्ड ऑफिसात फाइल मागायला यंत्र जात नाही.

आजवर बिल कोण भरत होतं?

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं. १८४० मध्ये ते बंद पडलं. पत्र काढणं आतबट्ट्याचं असतं, ही गोष्ट मराठी पत्रकारितेला जन्मापासून ठाऊक आहे. पुढे मोठ्या दैनिकांनी यावर तोड काढली, ती जाहिरातीची. वाचक अंकाला मोजकेच रुपये देतो. त्यात अनेकदा कागदाचाही खर्च सुटत नाही. उरलेलं बिल जाहिरातदार भरतो. देशातल्या सर्वांत मोठ्या वृत्तपत्रसमूहाच्या मालकांपैकी विनीत जैन यांनी २०१२ मध्ये एका अमेरिकी साप्ताहिकाला मोकळेपणाने सांगितलं होतं की आमचा धंदा वृत्तपत्राचा नाही, जाहिरातीचा आहे. उत्पन्नाचा ९० टक्के भाग जाहिरातीतून येत असेल तर दुसरं काय म्हणायचं?

या व्यवस्थेत एक गंमत होती. कोणी स्थळं बघायला पेपर घ्यायचा, कोणी नोकरीच्या जाहिरातींसाठी, कोणी भाड्याच्या खोलीसाठी, कोणी क्रिकेटच्या धावफलकासाठी. त्याच अंकात आतल्या पानावर महापालिकेच्या स्थायी समितीची बातमी असायची. तिच्यासाठी वेगळे पैसे कोणी मोजत नव्हतं, तरी तिचा खर्च निघत होता. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसंच काहीसं.

इंटरनेटने ही मोळी सोडवली. स्थळांना वेगळी साइट, नोकऱ्यांना वेगळी, घरांना वेगळी. उरलेल्या जाहिरातीचा मोठा वाटा गूगल आणि फेसबुककडे गेला. त्यांना बातमीदार पोसावे लागत नाहीत. स्थायी समितीची बातमी एकटी पडली, आणि एकटीला तिचं पोट भरता येईना.

मुंबईत याचे परिणाम डोळ्यांदेखत झाले. ‘आफ्टरनून डिस्पॅच अँड कुरियर’ जुलै २०१९ मध्ये बंद झालं. ‘डीएनए’ची मुंबईतली छापील आवृत्ती त्याच वर्षी ऑक्टोबरात थांबली. डिसेंबर २०२० मध्ये ‘मुंबई मिरर’ने दैनिक म्हणून निरोप घेतला. तिन्ही इंग्रजी, तिन्ही शहराच्या बातम्या देणारी. त्याच काळात मार्च २०२० च्या टाळेबंदीत मुंबईत पेपर घरोघरी टाकणंच काही काळ थांबलं आणि मराठी दैनिकांनीही पानं आणि माणसं कमी केली.

मानखुर्द जाहिरातीच्या नकाशावर नाही

जाहिरातीवर चालणाऱ्या पत्रकारितेची एक खोड तिच्या भरभराटीच्या काळातही होती. जाहिरातदाराला वाचक हवा असतो, पण खर्च करू शकणारा. म्हणून ज्या वस्तीत खिसा मोठा, त्या वस्तीची बातमी मोठी. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात मानखुर्द-गोवंडीचा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. जिथे प्रश्न सर्वांत जास्त, तिथे जाहिरातदाराला रस सर्वांत कमी. बाजार इथे बातमीदार नेमणार नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

त्यामुळे मानखुर्दची बातमी होते ती आग लागली, इमारत कोसळली, साथ पसरली की. ऑक्टोबर २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने मुलं दगावायला लागली, तेव्हा कॅमेरे आले. लसीकरण मागे का पडत गेलं, याची बातमी त्याच्या दोन वर्षं आधी कोणी केली असती तर तिला फारसे वाचक मिळाले नसते. पण ती जास्त उपयोगी पडली असती.

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडचंही तसंच. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनासाठी बांधलेल्या या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबई यांच्या २०१८ च्या अभ्यासाने दाखवलं की अशा वसाहतींत खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही आणि क्षयरोगाशी त्याचा संबंध आहे. अहवाल उपलब्ध आहे, कोणीही वाचू शकतं. पण पुढच्या पुनर्वसन इमारती बांधताना दोन इमारतींमधलं अंतर वाढवलं का, हे दरवर्षी जाऊन विचारणारा माणूस कोणाच्या पगारावर आहे?

जिन्यातल्या दिव्याचं बिल

जिन्यातला दिवा लागला की उजेड सगळ्यांनाच मिळतो. ज्याने मेंटेनन्स भरला त्यालाही आणि ज्याने सहा महिने थकवला त्यालाही. थकवणाऱ्यापुरता अंधार करता येत नाही. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, बाकीचे भरतीलच, मी कशाला? सगळ्यांनीच असा विचार केला की एक दिवस मीटर कापला जातो. मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींत राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाच्या बिलावरून तिथे काय रामायण होतं ते त्यांना ठाऊक आहे.

चांगली बातमी ही अशीच वस्तू आहे. अर्थशास्त्रात तिला ‘सार्वजनिक वस्तू’ म्हणतात: एकाने वापरल्याने दुसऱ्याची कमी होत नाही आणि पैसे न देणाऱ्याला वगळता येत नाही. कंत्राटातला घोळ छापून आला आणि काम सुधारलं, तर पेपर कधीही न वाचणाऱ्याच्या दारचाही कचरा उचलला जातो.

बातमीला कुलूप लावून ‘आधी पैसे भरा’ म्हणणं हा एक उपाय. शेअर बाजाराच्या बातम्यांना तो चालतो, कारण वाचणाऱ्याचा त्यात थेट फायदा असतो. मानखुर्दच्या बातमीला तो लावला, तर दिवा पैसेवाल्यांच्या पायापुरताच उजेड देईल.

दिवा नसण्याचीही किंमत असते आणि ती मोजता येते. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी स्थानिक वृत्तपत्र बंद पडलेल्या भागांतल्या नगरपालिकांचे कर्जरोखे तपासले. पेपर बंद झाल्यावर तिथल्या कर्जाचा व्याजदर वाढल्याचं आढळलं. लक्ष ठेवणारं कोणी नाही म्हणजे जोखीम जास्त, हा सावकाराचा साधा हिशेब. तो जास्तीचा खर्च शेवटी नागरिकांच्याच करातून जातो.

ज्याची खावी पोळी

मग सरकारने किंवा एखाद्या बड्या माणसाने बिल भरावं का? इथे दुसरा नियम आडवा येतो: ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.

महाराष्ट्राला याचा कडू अनुभव आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांच्या स्तुतीचे लेख पैसे घेऊन बातमी म्हणून छापले गेले. पत्रकार पी. साईनाथ यांनी वेगवेगळ्या मराठी दैनिकांत आलेले शब्दशः सारखे लेख शेजारी ठेवून दाखवले. भारतीय प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्याकडून चौकशी अहवाल तयार करून घेतला, पण २०१० मध्ये तो कापून-छाटून प्रसिद्ध केला. पूर्ण अहवाल लोकांपुढे यायला पुढचं वर्ष उजाडलं.

सरकारी जाहिरातीचंही असंच. जिल्ह्यातली कितीतरी छोटी साप्ताहिकं टेंडर नोटिसा आणि सरकारी जाहिरातींवर तग धरून आहेत. ती जाहिरात कधीही थांबू शकते, याची जाणीव संपादकाला असते. दबाव आणायला फोन करण्याचीही गरज पडत नाही.

म्हणून पैसे मिळाले एवढ्याने भागत नाही. ते इतक्या हातांतून यावे लागतात की एक हात मागे घेतला तरी काम थांबू नये.

वर्गणीची जुनी वाट

हा विचार आपल्याकडे नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं, त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. ‘मूकनायक’ फार काळ टिकलं नाही. एकरकमी मदतीने पत्र सुरू होतं, चालू राहायला महिन्याचे महिने पैसे लागतात.

१९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढल्यावर आंबेडकरांनी अंकातले रकानेच्या रकाने एकहाती लिहिले. पुढच्या वर्षी त्यांनी अग्रलेखातून वाचकांपुढे रोखठोक प्रश्न ठेवला: या पत्रावर झालेलं कर्ज हे सगळ्या समाजाचं कर्ज नाही का? जिन्यातल्या दिव्याचं कोडं त्यांनी अचूक ओळखलं होतं. पण त्यांचा वाचकवर्गच गरीब होता. १९२९ मध्ये तेही पत्र बंद पडलं. ज्यांना पत्राची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याकडेच बिल भरायला पैसे नसतात.

टिकलेली उदाहरणंही आहेत. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये सुरू केलेलं ‘दीनमित्र’ नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून १९६७ पर्यंत निघत राहिलं. साने गुरुजींचं ‘साधना’ १५ ऑगस्ट १९४८ पासून आजही निघतं. नफ्याची अपेक्षा नाही, खर्चाला लगाम आणि वर्षानुवर्षं सोबत राहणारे वाचक, या तीन गोष्टींनी ‘साधना’सारखी साप्ताहिकं तगली.

आजचे प्रयोग, आजचे अडथळे

सध्या चार वाटा दिसतात.

पहिली, वाचकांच्या पैशावर. २०१२ मध्ये सुरू झालेली ‘न्यूजलाँड्री’ जाहिरात न घेता सदस्यांवर चालते. ब्रिटनचं ‘गार्डियन’ बातम्या सगळ्यांना खुल्या ठेवतं आणि जमेल त्याने द्यावं असं म्हणतं.

दुसरी, देणगीची. साईनाथ यांनी २०१४ मध्ये मुंबईतून सुरू केलेली ‘पारी’ ग्रामीण भारताचं वार्तांकन मराठीसह अनेक भाषांत फुकट देते. स्वतंत्र माध्यमांना अनुदान देणारं एक फाउंडेशन २०१५ पासून बेंगळुरूत काम करतं.

तिसरी, सहकाराची. बर्लिनचं ‘टात्स’ हे दैनिक १९९२ पासून वाचकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचं आहे. साखर कारखान्यापासून दूधसंघापर्यंत सगळं सहकारात करणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. सहकारात राजकारण कसं शिरतं, तेही आपल्याला चांगलंच ठाऊक आहे.

चौथी, खर्च वाटून घेण्याची. १९४७ मध्ये स्थापन झालेली ‘पीटीआय’ ही वृत्तसंस्था अशीच चालते: वृत्तपत्रांनी मिळून ती उभारली, एकाच बातमीदाराची बातमी सगळे वापरतात. ब्रिटनमध्ये बीबीसी परवानाशुल्कातून दीडशेच्या वर बातमीदारांचे पगार भरते. ते स्थानिक वृत्तपत्रांत बसून नगरपालिकांच्या बैठका बघतात आणि त्यांची बातमी योजनेतल्या सगळ्या माध्यमांना मिळते.

अडथळेही मोठे आहेत. बातम्या देणाऱ्या संस्थांना परदेशी देणगी घ्यायला आपल्या कायद्यात मनाई आहे. डिजिटल बातम्यांत परदेशी गुंतवणुकीला २६ टक्क्यांची मर्यादा आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ या शोधपत्रकारांच्या संस्थेने जाहीर केलं की प्राप्तिकर खात्याने तिचा ना-नफा दर्जा काढून घेतला. पत्रकारिता सार्वजनिक हेतूच्या कामात बसत नाही, असं कारण दिलं गेलं. शाळा चालवणाऱ्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळू शकते. डम्पिंगचं टेंडर तपासणाऱ्याला द्यायच्या देणगीचं मात्र काही खरं नाही.

थोडक्यात

- माहितीची प्रत फुकट निघते. ती शोधून तपासायला मात्र माणसाचा वेळ लागतो आणि तो विकत घ्यावा लागतो.
- आजवर हा खर्च जाहिरात भरत होती. तो पैसा आता दुसरीकडे गेला.
- चांगल्या बातमीचा फायदा पैसे न देणाऱ्यालाही होतो, म्हणून बाजारात तिला पुरेसे पैसे मिळत नाहीत.
- एकच मोठा दाता असला की बातमी त्याची होते.
- अनेक छोटे दाते, उघडा हिशेब आणि वाटून घेतलेला खर्च, हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग.

मानखुर्दचा हिशेब

आता बिलाची रक्कम काढून पाहू. समजा, एम-पूर्व विभागासाठी एक पूर्णवेळ बातमीदार ठेवला, महिना ४५ हजार. सोबत फोटो-व्हिडिओ करणारा एक जण, २५ हजार. वकिलाचा सल्ला १५ हजार. प्रवास, कागदपत्रं, अर्ज-अपिलं १५ हजार. महिन्याला १ लाख, वर्षाला १२ लाख. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. वाचकाने हवे तर दुप्पट धरावेत.

२०११ च्या जनगणनेत या विभागाची लोकसंख्या ८ लाखांच्या वर होती. माणशी वर्षाला दीड रुपया पडतो. पण सगळे देणार नाहीत. घरटी पाच माणसं धरली तर १ लाख ६० हजार घरं. त्यातल्या शंभरातल्या एकाच घराने दिले, तर त्या घराला महिन्याला साधारण ६३ रुपये पडतात. मोबाइलच्या रिचार्जपेक्षा कमी. तरीही हातावर पोट असलेल्या घरासाठी ६३ रुपये म्हणजे ६३ रुपयेच.

आणि ते त्याच घरांनी का भरावेत? देवनारला १९२७ पासून कचरा येतो तो काही मानखुर्दचा नाही. तो मलबार हिलचा आहे, दादरचा, पार्ल्याचा, मुलुंडचा आहे. गोवंडीतल्या ज्या प्रकल्पात शहरभरच्या दवाखान्यांचा कचरा जाळला जात होता, तो दोन वर्षांत हलवा असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दिला, तो तिथल्या रहिवाशांच्या संस्थेने याचिका केली म्हणून. सगळ्या शहराची घाण सोसायची त्यांनी आणि तिच्यावर लक्ष ठेवायचा खर्चही त्यांनीच करायचा, हा न्याय नव्हे. मानखुर्दची बातमी ही सगळ्या मुंबईची बातमी आहे, म्हणून तिचं बिलही सगळ्या मुंबईने वाटून घ्यायला हवं.

२०११ च्या जनगणनेतल्या २४ विभागांच्या हिशेबाने शहरभर अशी व्यवस्था उभी करायची म्हटली, तर वर्षाला २ कोटी ८८ लाख लागतील; मुंबईकरामागे सव्वादोन रुपयांच्या आसपास. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. त्यातल्या दर लाख रुपयांवर नजर ठेवायला चार रुपयेही लागत नाहीत. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते. सभागृहात प्रश्न विचारणारं कोणी नसताना ही नजर किती मोलाची ठरली असती, ते वेगळं सांगायला नको.

अट एवढीच की हे पैसे महापालिकेकडून घ्यायचे नाहीत. कोणत्याही एका दात्याचा वाटा दहा टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही, देणगीदारांची यादी आणि खर्च दरवर्षी जाहीर करायचा, आणि तयार बातमी छोट्या-मोठ्या सगळ्या माध्यमांना वापरू द्यायची.

वाचकाला यातलं एक काम आजच करता येईल. ज्या मराठी साप्ताहिकावर, दैनिकावर किंवा वृत्तसंस्थेवर तुमचा भरवसा आहे, तिची एक वर्षाची वर्गणी भरा, आणि भरताना विचारा की बाकीचे पैसे कुठून येतात. उत्तर सरळ मिळालं तर पुढच्या वर्षीही भरा. नाही मिळालं तर दुसरं पत्र शोधा, पण वर्गणी भरायची सोडू नका.